घाटावरची पहिली ओटी

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी काही धीराचं केलं असं वाटलं, तरी वाचणाऱ्याने ते मनावर घेऊ नये. पाल दिसली की मी खोली बदलते. विजा चमकल्या की अजूनही आरशावर पदर टाकते. आणि पाण्याचं भय तर असं, की उभा जन्म नदीकाठी काढूनही ते गेलेलं नाही.

माझं माहेर आसगावकडचं, पवनी तालुक्यात. तिकडे आमच्या धानाला तलावाचं पाणी. तलावाचं पाणी ओळखीचं असतं. सोडलं तर पाटाने बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, येतं, नाही सोडलं तर जागच्या जागी राहतं. लहानपणी मी त्याच तलावात पाय सोडून बसत असे आणि मला कधी काही वाटलं नाही. सासर मात्र मिळालं बपेऱ्याच्या अलीकडच्या एका गावात, ऐन वैनगंगेवर. मध्य प्रदेशची हद्द इतकी जवळ, की लग्नात निम्मे पाहुणे हिंदीतच जेवायचा आग्रह करत होते.

लग्नानंतरच्या पहिल्या भादव्यात मी चुलीपुढे भाकरी थापत होते. बाहेरून एक घुमणारा आवाज येत होता, मघापासून, न थांबता. मी सासूला विचारलं, "आत्याबाई, हा आवाज कशाचा?"

सासू दाराशी बसून दाताला तंबाखूचा गुडाखू लावत होती. बोट तोंडातून न काढताच म्हणाली, "गंगा बोलून राहिली. काहून, तुह्या माहेरचा तलाव मुका व्हता का?"

ही माझी सासू. अंगाने इतकी लहानखुरी, की गर्दीत सापडायची नाही, पण आवाजावरून लगेच सापडायची. तरुणपणीच विधवा झाली, एकटीने शेत राखलं, मुलाला वाढवलं. मुलगा, म्हणजे माझा नवरा, भंडाऱ्याला पितळी भांड्यांच्या दुकानात कामाला होता. बाजाराचा दिवस सोडून, सवड मिळेल तसा गावी यायचा. मी गावच्या शाळेत शिकवत होते. त्यामुळे घरात आम्ही दोघीच, आणि माझ्या भित्रेपणावर हसायला तिला दुसरं कुणी लागत नसे. मला ती 'मास्तरीनबाई' म्हणायची. रागात असली तर 'तलावाची पोर'.

तो डबा आमच्या शाळेत आला तेव्हा ऐंशी साल उलटलं होतं. डबा म्हणजे बिनतारी संच; गावाने त्याला दुसरं नावच दिलं नाही. त्याआधी पुराची बातमी कशी यायची, ते सांगायला हवं. नदी येते वरून, म्हणजे बालाघाटच्या बाजूने. तिकडे पाणी चढलं की तिकडचा माणूस त्यांच्या तालुक्याला कळवणार, तालुका जिल्ह्याला, जिल्हा भोपाळला, भोपाळ मुंबईला, मुंबई भंडाऱ्याला, भंडारा तुमसरला आणि तुमसर आम्हाला. ही बातमी एवढा प्रवास करून पोचायची, तेव्हा आम्ही घरातला गाळ उपसत असायचो. एकदा तर पूर ओसरल्यावर चार दिवसांनी शिपाई सावधानतेचा कागद घेऊन आला आणि त्याला चिखलातून आम्हीच हात देऊन वर काढलं.

शेवटी दोन्ही राज्यांच्या लोकांनी एकत्र बसून ठरवलं, की वरच्या एका गावात एक संच आणि खाली आमच्याकडे एक संच ठेवायचा. पाण्याची बातमी थेट बोलायची. सोबत एक भोंगा, हाताने फिरवायचा. सगळ्या गावात उंचावर आणि पक्की अशी इमारत एकच, शाळा. मुख्याध्यापक तुमसरहून सायकलने ये-जा करत, आणि गावात राहणारी शिक्षिका मी. म्हणून संच माझ्या गळ्यात पडला. ओव्हरसियर साहेबांनी मला दोन दिवस शिकवलं. बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की पलीकडचं ऐकायचं. दाबून ठेवलं तर पलीकडचा ओरडून मेला तरी आपल्याला ऐकू येणार नाही, असं ते म्हणाले. त्यांनी ते सहज म्हटलं होतं, पण मी भित्री, माझ्या ते डोक्यात बसलं.

पावसाळा लागला की रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला मी संच लावायची. पलीकडे एक माणूस होता. तिथल्या ग्रामपंचायतीत काम करायचा. त्याला मी कधी पाहिलं नाही. नाव सांगितलं होतं, पण मी त्याला 'भाऊ' म्हणायची आणि तो मला 'बहनजी'. त्यांच्या घाटावर एक खांब रोवला होता, त्यावर वर लाल पट्टा. पाणी पट्ट्याच्या खाली असलं की तो म्हणायचा, "बहनजी, पानी नीचे है, सब ठीक." मग थोडं इकडचं तिकडचं. त्यांच्याकडे धान कसं आहे, आमच्याकडे खोडकिडा लागला का. त्याच्या आईचा उल्लेख हटकून यायचा. आई ऐकत नाही, एकटी खालच्या घरात राहते, बकऱ्या सोडून वर राहायला येत नाही. मी म्हणायची, माझी सासूही तशीच आहे. दोघं हसायचो. पाण्याच्या बातमीत हे बसत नव्हतं, पण बॅटरी भरपूर होती.

उन्हाळ्यात साहेबांनी एकदा तालीम घेतली. भोंगा वाजला की सगळ्यांनी शाळेत यायचं. मी भोंगा फिरवला, आणि अख्खा गाव शाळेत हजर. म्हातारे आले, बाळंतिणी आल्या, एकजण तर शेळीसुद्धा घेऊन आला. शाळेत गूळ-फुटाणे वाटायचे होते, हे आदल्या दिवशी दवंडीत सांगून झालं होतं. साहेब खूश झाले. त्यांनी वहीत लिहिलं, तालीम यशस्वी. माझ्याही जीवाला तेवढंच बरं वाटलं. नदी तेव्हा घोट्याएवढी होती आणि पोरं तिच्या वाळूतल्या डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाडीत खेळत होती. तिची कुणाला आठवणच झाली नाही, आणि चूक तिथेच झाली.

आमच्या गावात नदी चढायला लागली की तिची ओटी भरतात. घाटाच्या पायरीला पाणी लागलं की बाया ताट घेऊन जातात. तांदूळ, हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या, खण, नारळ. गंगा माहेरी आलेली लेक, तिला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. ओटी घेतली की ती माघारी फिरते. आणि पहिली ओटी कुणाची, तेही ठरलेलं. ज्या घराची बांधी नदीला सगळ्यात आधी लागते, त्या घरची. ते घर आमचं. सासू विधवा, तिला ओटी भरायची मुभा नाही, म्हणून लग्न होऊन आल्यापासून तो मान माझा. पहिली ओटी पडल्याशिवाय दुसरी कुणी बाई भरायची नाही. दोन वेळा मी ती भरली होती. दोन्ही वेळा डोळे मिटून, आणि सासूने मागून माझी वेणी धरली होती, पडू नये म्हणून.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी भोंगा आणि ओटी यांचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही. साहेबांच्या येणार नव्हताच, त्यांच्या वहीत ओटीला रकाना नव्हता. माझ्या यायला हवा होता.

तो रविवार होता. तीन दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती, भंडाऱ्याची एसटी बंद होती, नवरा तिकडेच अडकलेला. शाळेला सुट्टी, पण आठला संच लावायचाच, म्हणून मी गोणपाटाची खोळ घेऊन टेकडी चढले. बटण सोडते तोच त्याचा आवाज आला. मी काही विचारायच्या आतच.

"बहनजी, पानी लाल पट्टे के ऊपर है. बहुत ऊपर. दोपहर तक आपके यहाँ आएगा. सबको निकालिए."

मी "हां भाऊ, हां भाऊ" एवढंच म्हणत राहिले. मग भोंग्याशी गेले आणि फिरवू लागले. मूठ जड होती, पावसाने घसरत होती. मी फिरवत होते आणि मनात म्हणत होते, आता येतील, आता येतील. शाळेच्या ओसरीवरून सगळं गाव दिसायचं. खाली कौलं, त्यापलीकडे नाला, नाल्यावर रपटा, म्हणजे दगडांचा बुटका पूल, आणि रपट्यापलीकडे घाट.

पुरुष बाहेर पडलेले दिसले. बैल सोडून वरच्या वावराकडे नेऊ लागले. म्हातारे टेकडीकडे निघाले. माझा जीव जरा भांड्यात पडला. बाया मात्र दिसेनात. मी म्हटलं, धान्य वर टाकत असतील, पोरं आवरत असतील. पाऊण तास गेला असेल. पोरांना कडेवर घेऊन पहिल्या दोन म्हाताऱ्या वर आल्या. मी विचारलं, "बाकीच्या कुठं आहेत?"

एक म्हातारी हाशहुश करत खाली बसली. म्हणाली, "घाटावर गेल्या न. भोंगा वाजला, म्हणजे गंगा येऊन राहिली. यंदा तयारीले टाइम भेटला, बाई. नाईतर दरसाली धावपळ व्हते. तू अजून इथंच? तुह्याच वाटेवर थांबल्या असतील त्या."

मी ओसरीच्या टोकाला गेले. पावसाच्या पडद्यातून मला घाट दिसला. लाल, हिरवी, पिवळी लुगडी. पायऱ्यांवर दाटीवाटीने उभ्या. डोक्यावर ताटं, ताटांवर झाकण. आणि सगळ्यांत पुढे, अगदी खालच्या पायरीवर, एक लहानखुरी पांढरी आकृती.

एवढं मोठं यंत्र बसवलं, दोन राज्यांनी सह्या केल्या, बातमी भोपाळ-मुंबई न करता थेट आली, कधी नव्हे ते गावाला चार तास आधी कळलं. आणि मिळालेल्या त्या वेळात आमच्या बायांनी ओटी नीट सजवली. नेहमी पूर आला की घाईत हाताला लागेल ते नेत. या वेळी नवे खण काढले होते. मी बोलावलं होतं त्यांना, त्या मुठीने, स्वतःच्या हाताने. आणि माझ्याशिवाय त्या हलणार नव्हत्या. माझी पहिली ओटी पडेपर्यंत तिथे कुणी नारळही ठेवणार नव्हतं, आणि ओटी भरल्याशिवाय कुणी माघारी फिरणार नव्हतं.

मी संचाशी धावले. बटण दाबलं आणि एका दमात म्हणाले, "भाऊ, औरतें घाट पर हैं, मैं नीचे जा रही हूं." बटण सोडलं आणि उत्तर न ऐकताच निघाले. यासाठी मी आजही स्वतःला माफ करत नाही. एक श्वासभर थांबले असते तरी पुरलं असतं.

टेकडी उतरताना दोनदा घसरले. भीती होतीच, आणि रागही होता. सासूचा, साहेबांचा, स्वतःचा, गूळ-फुटाण्यांचा. रपट्यावर पोचले तेव्हा नाल्याचं पाणी दगडांच्या खाली होतं. मी ते पाहिलं आणि मनाशी म्हटलं, नाला रिकामाच आहे, म्हणजे अजून वेळ आहे. तलावाच्या गावची मी. पाणी समोरून येतं एवढंच मला ठाऊक.

घाटावर मी गेले तसा सगळ्या बायांनी वाट करून दिली. कुणी हसूनच म्हणालं, "आली बाई मास्तरीन, आता आटप." त्यांना भीती नव्हती, हेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. नदीचा रंग तांबडा झाला होता. मधोमध अख्खं झाड उभं वाहत गेलं, मुळं वर. सासू खालच्या पायरीवर घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती, हातात आमच्या घरचं ताट.

मी म्हणाले, "आत्याबाई, वर चला. आधी वर चला सगळ्या. ओटी राहू द्या."

"राहू द्या म्हणते. गंगेले रिकामी पाठवू?"

"दुपारी इथं घाट राहणार नाही. मी स्वतः ऐकलंय."

"तुह्या डब्याचं तूच आयकलं न? मी आयकलं नाई. मी तं गंगेले आयकून राहिली सकाळपासून." तिने ताट माझ्यापुढे धरलं. "भर. भरली का चालतो आम्ही. तू भीतेस म्हणून गंगा नाई थांबत."

तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता. चाळीसेक बाया त्या ताटाकडे पाहत होत्या. मी ताट घेतलं. घाईत हळद कुंकवात सांडली. सासूने मागून नेहमीसारखी माझी वेणी धरली. तांदूळ टाकले, बांगड्या टाकल्या, खण टाकला, नारळ सोडला. या वेळी मी डोळे मिटले नाहीत, कारण पायाखालची पायरी मला दिसेनाशी झाली होती. मी आले तेव्हा पाणी सासूच्या घोट्याला होतं. आता माझ्या पिंढरीला लागत होतं.

"झाली," मी ओरडले, "माझी झाली, आता बाकीच्यांनी वरूनच टाका आणि चला."

बायांनी पटापट ताटं रिकामी केली. कुणी मंत्र म्हटला, कुणी नाही. माझ्या आवाजात काहीतरी असावं. सगळ्यात वरच्या पायरीवरून एकजण म्हणाली, "अवं, रपटा कुठं गेला?"

मी वळून पाहिलं. नाला भरला होता. वरून नव्हे, खालून. नदीचं पाणी तोंडातून उलटं नाल्यात शिरलं होतं आणि आमच्या मागून, गावाच्या आणि आमच्या मधोमध, चढत होतं. रपट्याचे दगड गेले होते, फक्त पाण्यावर एक सरळ वळी दिसत होती, तिच्यावरून ओळखायचं. आम्ही सगळ्या नदीकडे तोंड करून तिला मान देत होतो, तेवढ्यात तिने मागचं दार लावलं होतं.

आता हसणं थांबलं. एक बाई रडू लागली, तिचं पोर घरी झोपलेलं होतं. त्या वेळी बोलली ती सासू. ती म्हणाली, "लुगड्याले लुगडं बांधा. पदरं बांधा एकमेकीचे. धान रोवतानी ओळीनं सरकतो न आपण, तसंच सरका. पाय उचलू नका, घासत न्या." रोवणीत बाया वाकून ओळीने मागे मागे सरकतात, तसंच पण पुढे. सगळ्यांना ते पायांनी येत होतं. फक्त मला नाही, मी कधी रोवणी केली नव्हती. सासूने माझा पदर आपल्या कमरेला बांधला आणि मला पुढे घातलं.

पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. गार नव्हतं, कोमट होतं, ते मला अजून आठवतं. पाय घासत नेताना दगड संपला की मी पायाने पुढचा चाचपायची. मी मोठ्याने पाढे म्हणत होते, असं नंतर बायांनी मला सांगितलं; मला आठवत नाही. मध्यावर आलो आणि माझ्या कमरेला जोरात हिसका बसला. सासूचा पाय रपट्यावरून सुटला होता. ती माझ्याहून वीतभर बुटकी. माझ्या कमरेचं पाणी तिच्या छातीला. मी तिचं डोकं पाण्याखाली जाताना पाहिलं.

मला नदीचा राग आला नाही, भीती वाटली नाही, काहीच वाटलं नाही. मी पदर दोन्ही हातांनी ओढला. मागच्या बाईने तिच्या लुगड्याला धरलं. सासू वर आली, तोंडातून पाणी थुंकत, आणि पहिलं वाक्य बोलली, "ओढ न, पाहून काय राहिली?"

सगळ्या पार झालो. टेकडीच्या पायथ्याशी मोजलं, पुन्हा मोजलं. एकही कमी नव्हती. रडणाऱ्या बाईचं पोर म्हाताऱ्यांनी आधीच वर आणलं होतं. आम्ही वर शाळेत पोचलो तोवर घाट, रपटा, नाला असं वेगवेगळं काही उरलं नव्हतं; एकच तांबडं पाणी होतं आणि त्यात घाटावरच्या पिंपळाचा शेंडा.

वर्गात गेले तर संच चालूच होता. रिकाम्या खोलीत त्याचा आवाज येत होता, घोगरा झालेला. "बहनजी. कोई है? बहनजी, मत जाइए, नाला पहले भरता है. कोई सुन रहा है?" पुन्हा तेच. पुन्हा तेच. म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि डब्याकडे नुसत्या पाहत होत्या. बटण कुठलं, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

मी बटण दाबलं. "भाऊ, आम्ही आहोत. सब ऊपर हैं." मराठी-हिंदी एकत्रच झालं. बटण सोडलं. मग तो म्हणाला, "आपकी सास?"

"ऊपर हैं."

"अच्छा," तो म्हणाला. "अच्छा हुआ."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की याला नाल्याचं कसं कळलं. नदी आमच्याकडे यायच्या आधी त्याच्याकडे येऊन गेली होती. दोन पावसाळे हा माणूस मला रोज पाणी सांगत होता आणि मी एकदाही विचारलं नव्हतं, की तुमच्याकडे काय झालं. मी विचारलं. तो म्हणाला, पहाटेच नाल्यातून पाणी घुसलं, खालची वस्ती गेली, तो संच घेऊन पंचायतीच्या छपरावर बसला आहे. आई वर आली होती, पण बकऱ्या सोडायला पुन्हा खाली गेली. अजून सापडली नाही.

मी म्हणाले, "तुम्हाला कुणी आधी सांगितलं नाही?"

तो म्हणाला, "हमारे ऊपर कोई नहीं है, बहनजी." त्यांच्या वर संच नव्हता. योजना त्याच्यापासून सुरू होत होती.

दुपारी त्याची बॅटरी गेली. पुढचे तीन दिवस मी संचापाशी बसून राहिले, बटण दाबायचं, हाक मारायची, सोडायचं, ऐकायचं. खरखरीशिवाय काही नव्हतं. सासू जेवण घेऊन यायची आणि माझ्याशेजारी बसायची. आधी ती त्या खोलीत कधी बसली नव्हती. चौथ्या दिवशी त्याचा आवाज आला. पाणी उतरलं, असं त्याने सांगितलं, आणि लाल पट्ट्याच्या किती खाली आहे तेही सांगितलं. आईचं मी विचारलं नाही. त्याने आपणहून सांगितलं, की खाली तीन गावं सोडून सापडली, बकरीच्या दोरीला हात गुंतलेला होता.

मी सासूला हे सांगितलं. रस्ता सुरू झाल्यावर बपेऱ्याच्या पुलावरून मदतीचे ट्रक वर जाऊ लागले, तेव्हा तिने आमच्या कोठीतलं बियाण्याचं धान बांधलं, पुढच्या रोवणीसाठी राखलेलं, आणि स्वतः जाऊन ट्रकवर टाकलं. म्हणाली, "त्याच्याकडची बांधी वाहून गेली असंल. पेरंल कायचं तो?" तिच्या मागोमाग गावातल्या सगळ्या बायांनी आपापलं बांधून दिलं. आमची वर्षभराची चूल त्या वर्षी अडचणीत आली, पण कुणी कुरकुरलं नाही.

साहेब पाहणीला आले तेव्हा मी त्यांना ओटीचं सांगितलं. ते म्हणाले, "अंधश्रद्धा आहे, बंद करा." सासू बाहेरून ऐकत होती. आत येऊन म्हणाली, "बंद कायले? गंगा वरतं आणा." पुढच्या मृगात ती स्वतः नदीवर गेली, कळशी भरून आणली आणि शाळेच्या ओसरीवर ठेवली. पाणी भरायला विधवेला मनाई नव्हती. तिने बायांना सांगितलं, की यंदापासून गंगा इथं बसून आहे, भोंगा वाजला की ओटी इथं भरायची, पहिली आपल्याच घरची. कुणी हरकत घेतली नाही, तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. आणि साहेबांना ती म्हणाली, "त्या पोराच्या वरतं एक डबा द्या. माह्या गावचा डबा दिला तरी चालंल, पर त्याच्या वरतं द्या." साहेबांनी ते वहीत लिहिलं. दोन पावसाळ्यांनी वर एक संच बसला.

त्याच्या आधीच, पुढच्या वर्षीच्या भादव्यात, पाणी पुन्हा पट्ट्याच्या वर गेलं. मी भोंगा फिरवला. हात तसेच घसरत होते. मी घाटाकडे पाहायचं टाळत होते. मग पाहिलं. घाट मोकळा होता. लाल, हिरवी, पिवळी लुगडी टेकडी चढत होती, डोक्यावर ताटं घेऊन, आणि सगळ्यांत पुढे ती पांढरी लहानशी आकृती.

मी कळशीपाशी बसून ओटी भरत होते, एक कान संचाकडे. तो म्हणाला, "बहनजी, पहले बताइए, आपकी सास ऊपर हैं?" पट्ट्याच्या आधी त्याने हे विचारलं. मी बटण दाबायला गेले तर सासूने माझ्या हातातून माइक काढून घेतला. दोन वर्षं तिने त्या डब्याला हात लावला नव्हता. बटण मी दाबून धरलं.

ती म्हणाली, "मी वरतं आहो, बापू. तू आता पाणी सांग."